चे गेव्हारा

एर्नेस्तो गेव्हारा दे ला सेर्ना, प्रचलित नाव चे गेव्हारा (१४ जून १९२८ - ९ ऑक्टोबर १९६७), हे अर्जेंटिनात जन्मलेले वैद्य, लेखक, गनिमी युद्धाचे सेनानी आणि क्यूबन क्रांतीचे एक प्रमुख नेते होते. वैद्यकीय शिक्षण पूर्ण होण्यापूर्वी, डिसेंबर १९५१ ते जुलै १९५२ या काळात, त्यांनी आल्बेर्तो ग्रानादो या मित्रासोबत दक्षिण अमेरिकेचा दीर्घ प्रवास केला. हा प्रवास मोटारसायकल यात्रा म्हणून ओळखला जात असला, तरी मोटारसायकलने दोघांची साथ सुमारे दोन महिनेच दिली. त्यापुढील मोठा पल्ला त्यांनी पायी, मालमोटारींतून, जहाजांतून आणि तराफ्यावरून पार केला. गेव्हारा यांच्या विचारांच्या जडणघडणीत या प्रवासाला, विशेषतः वाहन गमावल्यानंतरच्या टप्प्याला, चरित्रकार महत्त्वाचे स्थान देतात.

प्रारंभिक जीवन

गेव्हारा यांचा जन्म अर्जेंटिनातील रोसारियो शहरात झाला. नोंदीनुसार त्यांची जन्मतारीख १४ जून १९२८ असली, तरी ते एक महिना आधी जन्मले होते असे काही चरित्रकारांचे मत आहे. वडील एर्नेस्तो गेव्हारा लिंच आणि आई सेलिया दे ला सेर्ना यांच्या पाच अपत्यांपैकी ते सर्वांत मोठे होते. दोन्ही घराणी प्रतिष्ठित होती. मात्र वडिलांच्या व्यवसायांना फारसे यश न आल्याने कुटुंबाची आर्थिक स्थिती कधीच फार स्थिर नव्हती.

वयाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना दम्याचा विकार जडला आणि तो आयुष्यभर टिकला. कोरड्या हवेचा लाभ व्हावा म्हणून कुटुंब कोर्दोबा प्रांतातील अल्ता ग्रासिया या डोंगराळ गावी स्थायिक झाले. आजारपणामुळे शाळा वारंवार बुडत असे. त्या काळात आईने त्यांना घरी शिकवले आणि घरातील मोठ्या ग्रंथसंग्रहामुळे वाचनाची आवड निर्माण झाली. दमा असूनही ते पोहणे, गिर्यारोहण आणि रग्बी यांत रमत. रग्बीचा सामना सुरू असताना धाप लागली की मैदानाबाहेर येऊन औषधाचा फवारा घ्यायचा आणि पुन्हा खेळात उतरायचे, असा त्यांचा परिपाठ होता.

आल्बेर्तो ग्रानादो यांच्याशी मैत्री

गेव्हारा यांचे माध्यमिक शिक्षण कोर्दोबा शहरात झाले. तेथे तोमास ग्रानादो हे त्यांचे वर्गमित्र होते. तोमास यांचे थोरले बंधू आल्बेर्तो (१९२२-२०११) हे विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकत असत आणि एका रग्बी संघाला प्रशिक्षणही देत. दम्यामुळे इतरांनी नाकारलेल्या गेव्हारा यांना त्यांनी संघात घेतले. १९४३ साली विद्यार्थी आंदोलनात भाग घेतल्यामुळे आल्बेर्तो यांना अटक झाली, तेव्हा गेव्हारा तोमास यांच्यासोबत त्यांना भेटण्यास जात. वयात सहा वर्षांचे अंतर असले तरी वाचनाचे वेड आणि प्रवासाची ओढ या दोन गोष्टींमुळे दोघांची मैत्री दृढ झाली. पुढे ग्रानादो यांनी कुष्ठरोगाच्या अभ्यासास वाहून घेतले आणि कोर्दोबा प्रांताच्या उत्तर भागातील एका कुष्ठरोग रुग्णालयात काम केले.

वैद्यकीय शिक्षण आणि पहिला प्रवास

१९४७ साली आजीच्या अखेरच्या आजारात गेव्हारा यांनी तिची शुश्रूषा केली. तिच्या मृत्यूनंतर अभियांत्रिकीकडे जाण्याचा विचार सोडून त्यांनी बुएनोस आइरेस विद्यापीठात वैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. शिक्षण घेत असतानाच ते अॅलर्जीविषयक संशोधन करणाऱ्या डॉ. साल्वादोर पिसानी यांच्या दवाखान्यात काम करू लागले.

१९५० च्या आरंभी सायकलला लहान इंजिन जोडून ते एकटेच उत्तर अर्जेंटिनाच्या दौऱ्यावर निघाले आणि सुमारे ४,५०० किलोमीटर अंतर त्यांनी पार केले. वाटेत ग्रानादो यांच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी मुक्काम केला. पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या स्थळांपेक्षा रुग्णालये, तुरुंग आणि रस्त्यावर भेटणारी माणसे यांतून देशाची खरी ओळख होते, अशी त्यांची धारणा या दौऱ्यातील नोंदींत दिसते. दोन वर्षांनंतरच्या मोठ्या प्रवासातही त्यांनी हीच पद्धत ठेवली. १९५१ मध्ये त्यांनी जहाजांवर परिचारक म्हणूनही नोकरी केली.

मोटारसायकलवरील दक्षिण अमेरिका यात्रा

ऑक्टोबर १९५१ मध्ये कोर्दोबा येथे ग्रानादो यांच्या घरी गप्पा मारताना खंडप्रवासाची कल्पना पुढे आली. ग्रानादो यांच्याकडे ५०० सीसी क्षमतेची जुनी नॉर्टन मोटारसायकल होती. तिचे नाव त्यांनी 'ला पोदेरोसा', म्हणजे 'बलशाली', असे ठेवले होते. सुरुवातीचे उद्दिष्ट उत्तर अमेरिका गाठण्याचे होते आणि वाटेतील कुष्ठरोग रुग्णालये पाहणे हा कार्यक्रमाचा भाग होता. गेव्हारा यांच्या वैद्यकीय शिक्षणातील काही परीक्षा शिल्लक होत्या; परत येऊन पदवी पूर्ण करण्याचे त्यांनी घरच्यांना मान्य केले.

अर्जेंटिना

२९ डिसेंबर १९५१ रोजी दोघे कोर्दोबाहून निघाले. बुएनोस आइरेस येथे कुटुंबाचा निरोप घेऊन ते अटलांटिक किनाऱ्यावरील मिरामार येथे गेले. गेव्हारा यांची प्रेयसी तेथे सुटीसाठी आली होती. तिच्यासाठी भेट म्हणून त्यांनी कुत्र्याचे एक पिल्लू सोबत नेले होते. या ठिकाणचा मुक्काम ठरल्यापेक्षा बराच लांबला.

त्यानंतर बाइया ब्लांकामार्गे पश्चिमेकडील प्रवास सुरू झाला. वाळू आणि खडीच्या रस्त्यांवर सामानाने लादलेली मोटारसायकल वारंवार घसरून पडे. सुटे झालेले भाग तारेने बांधून वेळ निभावली जाई. चोएले चोएल येथे गेव्हारा तापाने आजारी पडले आणि त्यांना काही दिवस रुग्णालयात राहावे लागले. पुढे अँडीज पर्वताच्या पायथ्याचा सरोवरांचा प्रदेश ओलांडून ते बारिलोचे येथे पोहोचले. तेथे प्रेयसीचे संबंध संपवणारे पत्र त्यांच्या हाती पडले.

चिली

१४ फेब्रुवारी १९५२ रोजी सरोवरांच्या जलमार्गाने दोघांनी चिलीत प्रवेश केला. भाड्यासाठी पैसे नसल्याने गळक्या मालवाहू होडीतील पाणी पंपाने उपसण्याचे काम त्यांनी पत्करले. तेमुको येथील एका वृत्तपत्राने त्यांच्याविषयी बातमी छापली आणि त्यात त्यांचा उल्लेख कुष्ठरोगाचे तज्ज्ञ असा केला. गेव्हारा यांना अद्याप पदवीही मिळालेली नव्हती. तरीही या कात्रणामुळे पुढील अनेक गावांत त्यांना जेवण आणि निवारा मिळणे सोपे झाले.

लाउतारो गावाजवळ मोटारसायकल कोसळून तिची गिअरपेटी आणि सुकाणूचा भाग मोडला. दुरुस्तीसाठी थांबलेले असताना एका नृत्यसमारंभात मेकॅनिकच्या पत्नीशी गेव्हारा यांनी केलेल्या वर्तनामुळे तंटा उद्भवला आणि दोघांना गावातून पळ काढावा लागला. पुढे ब्रेकही निकामी झाले. लोस आंखेलेस येथे त्यांनी स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या इमारतीत मुक्काम केला. आग विझवण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला आणि ग्रानादो यांनी आगीत अडकलेले मांजर बाहेर काढले. चढ चढण्याची ताकद उरली नसलेली मोटारसायकल अखेर मालमोटारीवर चढवून सांतियागोला नेण्यात आली आणि तेथेच सोडून देण्यात आली.

वाहन गेल्याने प्रवासाचे स्वरूप बदलले. मोटारसायकलवरून फिरणारे दोन तरुण लोकांच्या कुतूहलाचा आणि काही अंशी कौतुकाचा विषय होते. वाहनावाचून ते रस्त्यावरील इतर गरीब वाटसरूंसारखेच दिसू लागले. मालमोटारचालकांच्या विनवण्या करणे, पोलीस चौक्यांत झोपणे आणि अन्नासाठी युक्त्या योजणे हे नित्याचे झाले. प्रवासाला निघून त्याच दिवशी वर्ष पूर्ण झाल्याचे सांगून यजमानांकडून खाणेपिणे मिळवणे, ही त्यांतील एक युक्ती होती.

वाल्पाराइसो बंदरात गेव्हारा यांना दमा आणि हृदयविकाराने ग्रासलेल्या एका वृद्ध स्त्रीला तपासण्यासाठी बोलावण्यात आले. आजार बळावेपर्यंत ती एका उपाहारगृहात राबत होती. कमावणे थांबल्यावर घरात तिचे ओझे वाटू लागले होते. जवळची काही औषधे देण्यापलीकडे गेव्हारा तिच्यासाठी काही करू शकले नाहीत. वैद्यकशास्त्र अशा ठिकाणी अपुरे पडते आणि येथे बदलायला हवी ती समाजाची घडी, हा विचार त्यांच्या रोजनिशीत प्रथमच स्पष्टपणे आढळतो.

ईस्टर बेटावरील कुष्ठरोग वसाहत पाहण्याची त्यांची इच्छा होती; परंतु तिकडे जाणारे जहाज मिळाले नाही. तेव्हा दोघे एका मालवाहू जहाजाच्या स्वच्छतागृहात लपून उत्तरेकडे निघाले. पकडले गेल्यावर गेव्हारा यांना स्वच्छतागृहे धुण्याचे आणि ग्रानादो यांना बटाटे सोलण्याचे काम देण्यात आले. अशा प्रकारे ते आंतोफागास्ता येथे उतरले.

तेथून अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील चुकिकामाता येथील तांब्याच्या प्रचंड खाणीकडे जाताना वाळवंटात त्यांना एक खाणमजूर दांपत्य भेटले. चिलीत १९४८ च्या कायद्याने कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती आणि त्या पक्षाशी संबंध असल्यामुळे मजुराने तुरुंगवास भोगला होता. तो आता कामाच्या शोधात निघाला होता. त्या कडाक्याच्या थंडीत पांघरूणही नसलेल्या त्या जोडप्याला दोघांनी आपली एक घोंगडी दिली आणि त्यांच्यासोबत रात्र काढली. खाणीत मृत्यू पावलेल्या मजुरांची संख्या आणि त्यांच्या विधवांना मिळणारी भरपाई यांविषयी गेव्हारा यांनी चौकशी केली; तिला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

पेरू

मार्चच्या उत्तरार्धात दोघे पेरूमध्ये आले. येथे प्रथमच त्यांचा अँडीजमधील आयमारा आणि केचुआ समाजांशी जवळून संबंध आला. मालमोटारींतून प्रवास करताना गोऱ्या प्रवाशांना चालकाजवळची जागा मिळे आणि आदिवासींना मागे सामान व गुरांसोबत बसावे लागे, याची नोंद गेव्हारा यांनी केली आहे. तितिकाका सरोवर पाहून ते ३१ मार्च रोजी कुस्को येथे पोहोचले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माचू पिच्चूला भेट दिली. इंका संस्कृतीचे भव्य अवशेष आणि तिच्या वंशजांचे दारिद्र्य यांतील विरोधाने ते अस्वस्थ झाले. ग्रानादो यांच्या आठवणींनुसार, मतपेटीच्या मार्गाने आदिवासींचे राज्य आणण्याची कल्पना त्यांनी येथे गमतीने मांडली, तेव्हा शस्त्रांशिवाय क्रांती होणार नाही असे गेव्हारा यांनी सुचवले.

पर्वतीय भागात गेव्हारा यांना दम्याचे तीव्र झटके आले आणि अनेकदा अॅड्रिनॅलिनची इंजेक्शने घ्यावी लागली. आडवाटेवरील उआम्बो येथील कुष्ठरोग वसाहतीची दुरवस्था पाहून १ मे रोजी ते लिमाला पोहोचले. तेथे कुष्ठरोगतज्ज्ञ आणि मार्क्सवादी विचारवंत डॉ. उगो पेसे यांनी त्यांना आश्रय दिला. प्रतिष्ठा आणि सुखसोयी बाजूला ठेवून उपेक्षित रुग्णांसाठी झटणाऱ्या या वैद्याचा गेव्हारा यांच्यावर खोल प्रभाव पडला. पुढे गनिमी युद्धावरील आपल्या ग्रंथाची प्रत त्यांना पाठवताना त्यांनी हे ऋण मान्य केले.

सान पाब्लो येथील कुष्ठरोग वसाहत

पेसे यांच्या साहाय्याने दोघे पुकाल्पा आणि इकितोस येथून नदीमार्गे अॅमेझॉनच्या काठावरील सान पाब्लो वसाहतीत ८ जून रोजी दाखल झाले. येथे सुमारे ६०० रुग्ण राहत असत. दोघांनी हातमोजे न घालता रुग्णांशी हस्तांदोलन केले, त्यांच्यासोबत जेवण केले आणि ते फुटबॉलही खेळले. कुष्ठरोगाविषयीची भीती सर्वत्र प्रबळ असण्याच्या त्या काळात या वर्तनाने रुग्ण भारावून गेले.

१४ जून रोजी वसाहतीत गेव्हारा यांचा चोविसावा वाढदिवस साजरा झाला. त्या प्रसंगीच्या भाषणात त्यांनी मेक्सिकोपासून मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंतची जनता एकच असून तिच्यातील राष्ट्रांच्या सीमा कृत्रिम आहेत, असे प्रतिपादन केले. निरोपाच्या वेळी रुग्ण होडीतून गाण्याची मैफल घेऊन आले. त्यांतील गायक अंध होता आणि अॅकॉर्डियन वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला बोटे नव्हती. मनगटाला बांधलेल्या काड्यांनी तो वाद्य वाजवत होता.

कोलंबिया आणि व्हेनेझुएला

वसाहतीतील लोकांनी दोघांना एक तराफा बांधून दिला आणि त्याचे नाव 'मांबो-टँगो' असे ठेवले. प्रवाहाच्या वेगामुळे तराफा आवरला नाही आणि कोलंबियातील लेतिसिया हे ठिकाण मागे पडले. तेव्हा दुसऱ्या होडीने त्यांना परत यावे लागले. लेतिसिया येथे त्यांनी स्थानिक फुटबॉल संघाला प्रशिक्षण दिले. गोलरक्षक म्हणून खेळताना गेव्हारा यांनी एक पेनल्टी अडवली. त्यानंतर विमानाने ते बोगोता येथे गेले. राजकीय हिंसाचाराने होरपळणाऱ्या कोलंबियात पोलिसांशी त्यांचा खटका उडाला, त्यामुळे तेथील मुक्काम त्यांनी आटोपता घेतला.

१७ जुलै रोजी दोघे काराकासला पोहोचले. ग्रानादो यांना तेथील कुष्ठरोग रुग्णालयात काम मिळाले. गेव्हारा यांनी मायदेशी जाऊन पदवी घ्यावी आणि नंतर ग्रानादो यांच्याकडे परत यावे, असे ठरले. २६ जुलै रोजी दोघांची ताटातूट झाली. गेव्हारा शर्यतीचे घोडे वाहून नेणाऱ्या विमानातून मायामीला गेले. विमानातील बिघाडामुळे तेथे त्यांना जवळजवळ एक महिना विपन्नावस्थेत काढावा लागला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते बुएनोस आइरेसला परतले.

दुसरा प्रवास आणि क्यूबन क्रांती

१९५३ मध्ये वैद्यकीय पदवी मिळाल्यानंतर जुलै महिन्यात गेव्हारा हे कालिका फेरेर या बालमित्रासोबत पुन्हा निघाले. उद्दिष्ट ग्रानादो यांच्याकडे व्हेनेझुएलात जाण्याचे होते. पण इक्वेडोरमध्ये त्यांनी बेत बदलला आणि ते ग्वातेमालाला गेले. तेथील हाकोबो आर्बेन्स यांचे सरकार जमीनसुधारणा राबवत होते. जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने ते उलथवण्यात आले. ही घटना प्रत्यक्ष पाहिल्याने सशस्त्र लढ्यावरील गेव्हारा यांचा विश्वास पक्का झाला. ग्वातेमालातच क्यूबन निर्वासितांनी त्यांना 'चे' हे नाव दिले. अर्जेंटिनात संबोधनासाठी सर्रास वापरला जाणारा हा उद्गार त्यांच्या बोलण्यात सतत येत असे.

१९५५ मध्ये मेक्सिको सिटी येथे त्यांची फिदेल कास्त्रो यांच्याशी भेट झाली. नोव्हेंबर १९५६ मध्ये 'ग्रान्मा' या नौकेतून क्यूबाकडे निघालेल्या ८२ जणांच्या तुकडीत ते वैद्य म्हणून सामील झाले आणि पुढे सेनानी बनले. डिसेंबर १९५८ मधील सांता क्लाराच्या लढाईत त्यांनी नेतृत्व केले. १ जानेवारी १९५९ रोजी हुकूमशहा बातिस्ता यांनी क्यूबातून पलायन केले.

शासनातील कार्य

क्रांतीनंतर गेव्हारा हवानातील ला काबान्या किल्ल्याचे प्रमुख होते. तेथे क्रांतिकारी न्यायालयांच्या निकालांनुसार पूर्वीच्या राजवटीतील अनेकांना मृत्युदंड देण्यात आला. पुढे ते राष्ट्रीय बँकेचे अध्यक्ष आणि उद्योगमंत्री झाले. १९५९ च्या परदेश दौऱ्यात त्यांनी भारतालाही भेट दिली आणि दिल्ली येथे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची भेट घेतली.

१९६० मध्ये ग्रानादो यांनी हवानाला येऊन आठ वर्षांच्या खंडानंतर आपल्या मित्राची भेट घेतली. पुढील वर्षी ते सहकुटुंब क्यूबात स्थायिक झाले आणि सांतियागो दे क्यूबा येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. दोघांनीही त्याच प्रवासात तेच दारिद्र्य पाहिले होते. मात्र एकाने शस्त्र हाती घेतले आणि दुसरा प्रयोगशाळा व अध्यापन यांतच राहिला.

मृत्यू

१९६५ मध्ये गेव्हारा यांनी क्यूबा सोडले. काँगोमधील अयशस्वी मोहिमेनंतर नोव्हेंबर १९६६ मध्ये ते बोलिव्हियात दाखल झाले. स्थानिक शेतकऱ्यांचा पाठिंबा त्यांच्या तुकडीला मिळाला नाही, आणि औषधे संपल्यामुळे दम्यानेही त्यांना जर्जर केले. ८ ऑक्टोबर १९६७ रोजी ते जखमी अवस्थेत पकडले गेले आणि दुसऱ्या दिवशी ला इगेरा गावातील शाळेत त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. १९९७ मध्ये त्यांचे अवशेष बोलिव्हियातील वायेग्रांदे येथे सापडले आणि ते सांता क्लारा येथील स्मारकात ठेवण्यात आले.

प्रवासवर्णने आणि चित्रपट

प्रवासातील टिपणांवरून गेव्हारा यांनी नंतर सलग वृत्तान्त लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९९० च्या दशकात प्रकाशित झाला आणि 'द मोटारसायकल डायरीज' या नावाने जगभर वाचला गेला. ग्रानादो यांनीही आपल्या रोजनिशीवर आधारित स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. ब्राझिलियन दिग्दर्शक वॉल्टर सालेस यांनी या दोन्ही पुस्तकांवरून २००४ मध्ये चित्रपट काढला. त्यात गाएल गार्सिया बेर्नाल यांनी गेव्हारा यांची आणि रोद्रिगो दे ला सेर्ना यांनी ग्रानादो यांची भूमिका केली. वयाच्या ऐंशीनंतरही ग्रानादो चित्रीकरणाच्या वेळी सल्लागार म्हणून उपस्थित होते. या चित्रपटातील गीताला सर्वोत्कृष्ट मूळ गीताचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. ५ मार्च २०११ रोजी हवाना येथे ग्रानादो यांचे निधन झाले.

मूल्यमापन

गेव्हारा यांचे व्यक्तिमत्त्व वादग्रस्त राहिले आहे. समर्थक त्यांना अन्यायाविरुद्ध लढणारा निःस्वार्थी योद्धा मानतात. टीकाकार ला काबान्या येथील मृत्युदंड, विरोधकांबाबतची कठोरता आणि उद्योगमंत्री म्हणून आलेले अपयश यांकडे लक्ष वेधतात. १९५२ च्या प्रवासाचे मूल्यमापन करतानाही सावधगिरी आवश्यक ठरते. उपलब्ध वृत्तान्त प्रवासाच्या वेळी जसाच्या तसा लिहिलेला नसून नंतर पुन्हा रचलेला आहे, आणि प्रवासातून परतलेला तरुण क्रांतिकारक नव्हे, तर परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी होता. त्यांची राजकीय भूमिका निश्चित झाली ती ग्वातेमाला आणि मेक्सिको येथील वास्तव्यात. तथापि, समवयस्क मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीआड असलेले खाणमजूर, अँडीजमधील आदिवासी आणि कुष्ठरुग्ण यांचे जीवन त्यांनी या प्रवासात जवळून पाहिले, आणि ते पाहण्याची संधी त्यांना बहुतांशी मोटारसायकल मोडल्यानंतर मिळाली.